बंद खाणींतील पाण्याचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे २६ ऑगस्ट २०२२ रोजी अमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून प्राणहानी टळली. आजूबाजूच्या कुटुंबांना मात्र संसार उचलून अन्यत्र जावे लागले. ज्या वस्तीत हे घडले तिच्याखाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीच्या पोकळ्या आहेत. चार दिवस वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, पुढारी येऊन गेले आणि एक नवल म्हणून ही घटना मागे पडली. जमीन घर कसे गिळते याचे कुतूहल सर्वांना वाटले. त्या जमिनीखाली आज काय आहे, ते तेथे कोणी सोडले आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे, हे प्रश्न मात्र फारसे कोणी विचारले नाहीत.

सोडून दिलेली खाण रिकामी राहत नाही. तिच्यात पाणी भरते. विदर्भात कोळशाचे उत्खनन सुरू होऊन आता दीडशे वर्षे होतील. ज्या वरोऱ्याच्या सरकारी खाणीसाठी वर्ध्याहून लोहमार्ग टाकण्यात आला, ती १९०६ साली बंद झाली. तेव्हापासून आजतागायत वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर-बल्लारपूरच्या परिसरात आणि नागपूरच्या उत्तरेस एकामागून एक भूमिगत खाणी सुरू झाल्या व सोडून दिल्या गेल्या. त्यांतून किती टन कोळसा निघाला याची आकडेवारी मिळते. त्यांत आज किती पाणी आहे, ते कोणत्या उंचीवर उभे आहे आणि कोणत्या दिशेने सरकते आहे, याची आकडेवारी ज्या गावांच्या पोटात ते पाणी आहे त्या गावांना मिळत नाही. कोळसा उद्योगाच्या अर्थकारणातील ही सर्वात मोठी न लिहिलेली बाजू आहे, आणि ती जाणूनबुजून कोरी ठेवली गेली आहे.

हा विषय भूगर्भशास्त्रज्ञांचा आहे, चळवळीचा नाही, असे समजून कार्यकर्ते तो बाजूला ठेवतात. म्हणून त्याची मूळ रीत आधी समजून घेतली पाहिजे. ती अवघड नाही. दगडी कोळशाची भूमिगत खाण ही एका अर्थाने प्रचंड विहीरच असते. कोळशाच्या थरांवर विदर्भात बऱ्याच ठिकाणी वालुकाश्माचे जाड थर आहेत. कामठी गावाच्या नावावरूनच भूगर्भशास्त्रात त्यांना कामठी थर म्हणतात. हा दगड पाणी उत्तम धरून ठेवतो आणि शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी पुरवणारा तोच असतो. खाण खाली गेली की हे पाणी तिच्याकडे झिरपू लागते. कोळसा काढायचा तर ते रात्रंदिवस उपसत राहावे लागते. पंप जितके खोल जातात तितकी आजूबाजूची भूजलपातळी खाणीच्या दिशेने उतरत जाते आणि परिघातील विहिरी आटतात. शेतकरी त्याला अवर्षण समजतो. पुष्कळदा ते अवर्षण नसते. त्याच्या विहिरीचे पाणी कोळशाच्या वाटेतून दूर करण्यात आलेले असते.

मग कोळसा संपतो, किंवा तो काढणे परवडेनासे होते. गरज सरो आणि वैद्य मरो, या न्यायाने पंप काढून नेले जातात आणि उतरलेली पातळी पुन्हा वर चढू लागते. काही ठिकाणी त्याला काही वर्षे लागतात, काही ठिकाणी काही दशके. खाणीचे छत तोलण्यासाठी मागे ठेवलेले कोळशाचे खांब या पाण्यात भिजतात, त्यांची ताकद कमी होते आणि छत बसते. वरची जमीन खचण्याच्या ज्या अनेक रीती आहेत त्यांतील ही एक. कोळशातील गंधकयुक्त लोहखनिज हवा आणि पाणी यांच्या संयोगाने आम्ल तयार करते. पाणी चढत जाऊन त्या पोकळ्या पूर्ण भरेपर्यंत हे आम्ल आणि लोह त्यात मिसळत राहते. ईशान्येकडील कोळशात गंधक फार असल्याने मेघालयातील नद्यांचे पाणी या कारणाने जीवसृष्टीला अयोग्य झाले आहे. विदर्भातील कोळशात गंधक तुलनेने कमी असल्यामुळे येथे आम्लाचा उपद्रव त्या मानाने थोडा आहे. येथे पाण्याचा जडपणा आणि त्यातील क्षार हा अधिक नित्याचा प्रश्न आहे.

सर्वात भीषण बाजू मात्र रसायनाची नाही, वजनाची आहे. दहा मीटर उंचीचे पाणी दर चौरस मीटरवर दहा टन दाब देते, साठ मीटर उंचीचे साठ टन. सोडून दिलेल्या खाणीतील हे पाणी आणि शेजारच्या चालू खाणीतील कामगार यांच्यामध्ये कोळशाची एक भिंत असते. खाणकामगार तिला बॅरियर म्हणतात. तिची जाडी किती, हे केवळ नकाशावरूनच कळू शकते. नकाशा चुकीचा असेल, जुना असेल किंवा मुळात नसेलच, तर कामगार रोज आठ तास त्या पाण्याच्या दिशेनेच खोदत जातो. म्हणूनच १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत असा नियम घालण्यात आला की, जुन्या कामांच्या साठ मीटर परिसरात पोचल्यावर, ती कामे पाण्यापासून मुक्त असल्याची खात्री नसेल तर, लेखी परवानगीशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नये आणि टाकल्यास आधी छिद्रे पाडून चाचपणी करावी. नियम चांगला होता. तो कशासाठी करावा लागला हे १० डिसेंबर १९५४ च्या न्यूटन चिखली येथील दुर्घटनेने दाखवले होते. त्या वेळी नागपूर ज्या राज्याची राजधानी होते त्याच राज्यातील छिंदवाडा जिल्ह्यातल्या या खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मरण पावले.

नियम झाल्यानंतर काय घडले? १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूर जिल्ह्यातील सिल्लेवाडा खाणीत पाणी घुसून दहा कामगार बुडाले. महाराष्ट्रातही आज ही घटना फारच थोड्यांना ठाऊक असेल. दहा माणसे मरणे ही कोळशाच्या धंद्यात बातमी ठरत नाही. आणि तेव्हा आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर नियंत्रणे होती, समाजवादी चळवळीचे अनेक नेते व कार्यकर्ते तुरुंगात होते. बरोबर एकोणचाळीस दिवसांनी, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळच्या चासनाळा खाणीत वरच्या जुन्या कामांमध्ये साचलेल्या पाण्याने भिंत फोडली आणि ३७५ माणसे खाली अडकून मरण पावली. ते पाणी नदीचे नव्हते, पुराचे नव्हते, अतिवृष्टीचे नव्हते. ते माणसाने कोळसा काढून मागे सोडलेल्या पोकळीतले पाणी होते आणि ते तेथे आहे हे व्यवस्थापनाला माहीत असायला हवे होते. या प्रकरणी धनबादच्या न्यायालयाने दोन माजी अधिकाऱ्यांना एक वर्षाची शिक्षा सुनावली ती २०१२ साली. तोवर आरोपींपैकी काहींचे निधनही झाले होते. ३७५ मृत्यूंना एक वर्ष, आणि तेही छत्तीस वर्षांनी, हे प्रमाण भारतीय कामगाराच्या जिवाची बाजारातील किंमत सांगते.

त्यानंतरची यादी वाचताना मन सुन्न होते. सप्टेंबर १९७६ मध्ये सेंट्रल सौंदा खाणीत पाणी शिरून दहा कामगार मेले आणि जून २००५ मध्ये त्याच सेंट्रल सौंदा खाणीत पुन्हा पाणी शिरून चौदा मेले. १९८३ साली हुरिलाडीह येथे एकोणीस, १९९५ साली गसलीटांड येथे चौसष्ट. २ फेब्रुवारी २००१ रोजी झरिया क्षेत्रातील बागडिगी खाणीत शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीचे पाणी फुटून एकोणतीस. जून २००३ मध्ये सिंगरेणीच्या गोदावरीखणी येथे सतरा. राणीगंजच्या महावीर खाणीत १३ नोव्हेंबर १९८९ रोजी जुन्या कामांतील पाणी आत फुटले तेव्हा एकाहत्तर कामगार अडकले. सहा मरण पावले आणि जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीतून छिद्र पाडून पोलादी कुपीतून पासष्ट जणांना एकेक करून वर काढले. या पराक्रमावर २०२३ मध्ये हिंदी चित्रपटही निघाला. गिल यांचे धैर्य गौरवास पात्रच आहे. पण ते पाणी तेथे कसे आले आणि कोणी ठेवले, हा प्रश्न चित्रपटाच्या तिकिटावर विचारला जात नाही, आणि विधानसभेत किंवा लोकसभेतही तो क्वचितच विचारला गेला.

येथे समाजवाद्यांनी आपल्या भूमिकेकडेही निर्भयपणे पाहिले पाहिजे. खाणींच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी चळवळीने सातत्याने केली होती आणि ती योग्यच होती. खासगी मालक सोपा व वरचा कोळसा ओरबाडून घेत, खांब कमी ठेवत, वाळू भरून पोकळी बुजवण्याचा खर्च चुकवत आणि नकाशांच्या बाबतीत बेफिकीर असत. १९७२ मध्ये कोकिंग कोळशाच्या २१४ आणि १९७३ मध्ये अन्य कोळशाच्या ७११ खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा राष्ट्राने कोळशाबरोबर त्या मालकांनी मागे ठेवलेले पाणीही वारशाने घेतले. पण या वारशाची मोजदाद झाली नाही. नव्या सरकारी कंपन्यांचे यश टनांत मोजले गेले आणि व्यवस्थापकाची बढती टनांवर ठरली. जुन्या कामांची फेरपाहणी, पाण्याच्या पातळीची नोंद आणि भिंतींची तपासणी या गोष्टींतून एक टनही कोळसा निघत नाही. त्यामुळे त्या नेहमी पुढच्या वर्षावर गेल्या. चासनाळा खाण जिच्या मालकीची होती त्या कंपनीचे व्यवस्थापन १९७२ पासून सरकारकडेच होते, हे विसरता येत नाही. मालकी बदलली, हिशेबाची वही मात्र जुनीच राहिली. राष्ट्रीयीकरण म्हणजे समाजीकरण नव्हे, हे चळवळीचे जुने वाक्य कदाचित कोठेही इतके खरे ठरले नसेल जितके कोळशाच्या खाणीत ठरले.

अर्थशास्त्रात या प्रश्नाला नाव आहे. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चांवर ग्रंथ लिहिला. उद्योगाचा नफा हा पुष्कळ अंशी दुसऱ्यावर ढकललेल्या खर्चातून येतो, हे त्याचे प्रतिपादन होते. कोळशाच्या टनामागचा खर्च काढताना मजुरी, यंत्रे, वीज, स्वामित्वधन सारे धरले जाते. पंप थांबल्यानंतर पन्नास वर्षे शेजारच्या खाणीवर, वरच्या घरांवर आणि भोवतालच्या शेतांवर जो भार राहणार, तो त्यात धरलेला नसतो. तो धरला असता तर भारतातला स्वस्त कोळसा इतका स्वस्त ठरला नसता.

या भाराचा शेतकऱ्यावर पडणारा वाटा वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा कामगार संघटनांतही होत नाही. कोळसाधारी क्षेत्र अधिग्रहणाच्या १९५७ च्या कायद्यान्वये सरकारला जमिनीचे सर्व हक्क घेता येतात, तसेच पृष्ठभाग शेतकऱ्याकडे ठेवून केवळ खाली खोदण्याचे हक्कही घेता येतात. भूमिगत खाणींच्या बाबतीत हा दुसरा मार्ग सोयीचा असतो. कागदोपत्री शेतकऱ्याची जमीन शाबूत राहते, म्हणून तो विस्थापित ठरत नाही आणि विस्थापिताला मिळणारी नोकरीही त्याला मिळत नाही. पण त्याची विहीर आटते. ती खाणीमुळेच आटली हे सिद्ध करण्याचा भार प्रत्यक्षात त्याच्यावरच पडतो, कारण उपशाच्या आणि पातळीच्या नोंदी कंपनीच्या कचेरीत असतात. पुढे खाण बंद झाल्यावर पाणी परत येते खरे, पण ते पूर्वीच्या वाटेने येतेच असे नाही. खडकाचे थर तुटलेले असतात, त्यामुळे एका शेतात पाझर फुटतो आणि दुसरी विहीर कायमची कोरडी पडते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. आडातले कोठे गेले, हे त्याला कोणी सांगत नाही, इतकेच.

कायद्याचे म्हणाल तर त्याचा पाया अजूनही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या काळातला आहे. जमीन ज्याची, त्याला तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क, हे त्याचे सूत्र. छोट्या विहिरी व मोटांच्या काळात या सूत्राने फारसे बिघडत नव्हते. अहोरात्र चालणाऱ्या पंपांना तेच सूत्र लावले की बलवानाला लुटीचा परवाना मिळतो. महाराष्ट्राने २००९ चा भूजल कायदा केला व तो २०१४ पासून अमलात आला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने २०२० मध्ये खाणींच्या उपशाला परवाना व शुल्क लागू केले. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. पण दोन्हींचा रोख उपशावर आहे. उपसा थांबल्यानंतर जे पाणी साचते ते कोणाचे आणि त्याने केलेल्या नुकसानीस जबाबदार कोण, याविषयी त्यांतून स्पष्ट उत्तर मिळत नाही.

पाणी धोक्याचे असते तोवर ते कोणाचेच नसते, आणि त्याला किंमत आली की मालक पुढे येतात. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी खाणीच्या पाण्यावर प्रक्रिया करून वेकोलिने 'कोल नीर' नावाने बाटलीबंद पाणी काढले. खाणींचे पाणी औष्णिक वीजकेंद्रांना देण्याचे करार झाले, काही गावांना व शेतांनाही ते मिळू लागले. यात वाईट काही नाही. वाया जाणारे पाणी कामी लावणे शहाणपणाचेच आहे आणि ते पिण्याजोगे करण्याचा खर्च सार्वजनिक कंपनीने उचलला, हेही नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप दातृत्वाच्या भाषेला आहे. ज्या गावाच्या विहिरी उपशाने आटल्या त्याच गावाला टँकर किंवा नळ देऊन त्याला कंपनीची सामाजिक बांधिलकी म्हणणे, म्हणजे घेतलेल्या वस्तूची परतफेड भेट म्हणून करणे होय. आणि हे पाणी मिळते तेही पंप चालू आहेत तोवर. खाण बंद होऊन वीजपुरवठा तोडला गेला, की नळही थांबतो. ज्या गावाची विहीर आधी गेली त्याचा नळही मग जातो.

खाण बंद करण्याच्या व्यवस्थेबाबत काहीच झालेले नाही असे नाही. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदी आराखड्याची सक्ती केली. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये या हिशेबाने कंपनीने स्वतंत्र खात्यात रक्कम जमा करावी, असे ठरले. पुढे हे दर वाढले, पण मोजण्याची पद्धत हेक्टरचीच राहिली. या एका तपशिलात सारी विचारसरणी प्रकट होते. उघड्या खाणीचा खड्डा डोळ्यांना दिसतो म्हणून तिला सहापट, भूमिगत खाण दिसत नाही म्हणून तिला एकपट. पाणी हेक्टरांत राहत नाही. ते एका खाणीतून दुसऱ्या खाणीत, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाते आणि बंदीचा दाखला मिळून खात्यातील रक्कम परत गेल्यानंतरही चढतच असते. शंभर हेक्टरांच्या भूमिगत खाणीसाठी मूळ दराने एक कोटी रुपये जमा होत. त्यात पंप किती वर्षे चालवता येतील याचे गणित प्रत्येक कामगार संघटनेने करून पाहावे.

जर्मनीच्या ऱ्हूर प्रदेशात या प्रश्नाला निराळे उत्तर देण्यात आले. तेथील शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, पण पंप थांबले नाहीत. उत्खननाने जमीन काही जागी वीस मीटरहून अधिक खचली आहे. उपसा थांबला तर दाट वस्तीच्या प्रदेशाचा मोठा भाग पाण्याखाली जाईल. म्हणून २००७ सालीच एक प्रतिष्ठान स्थापून कोळसा कंपनीची मालमत्ता त्याच्या हाती देण्यात आली, आणि तिच्या उत्पन्नातून पाण्याचा खर्च कायम भागवायचा असे ठरले. तेथे या खर्चाला कधीही न संपणारे ओझे अशा अर्थाचा शब्दच रूढ आहे. ब्रिटनने दुसरी वाट धरली. १९९४ मध्ये खाणी खासगी मालकांना विकताना जुन्या खाणींच्या पाण्याची जबाबदारी मात्र सरकारी प्राधिकरणाकडे ठेवली गेली. नफा खासगी आणि पाणी सार्वजनिक, ही वाटणी भारतातील धोरणकर्त्यांनाही आवडेल अशी चिन्हे आहेत.

कारण आता या जुन्या खाणींकडे पुन्हा लक्ष वळले आहे. कोल इंडियाच्या उत्पादनात भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांहूनही खाली आल्यावर तो वाढवण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले. २०१५ चा कायदा आणि २०२० चे व्यापारी लिलाव यांनी राष्ट्रीयीकरणाचा पाया काढून घेतलाच होता. २०२२ मध्ये कोल इंडियाने काम थांबवलेल्या आपल्या काही खाणी महसुली वाट्याच्या तत्त्वावर खासगी कंपन्यांना देऊ केल्या. २०२५ मध्ये भूमिगत खाणींसाठी महसुली वाट्याची किमान पातळी ४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणून आगाऊ रकमेची अटही काढून टाकण्यात आली. पाण्याने भरलेली जुनी खाण पुन्हा उघडायची म्हणजे प्रथम ती उपसायची, म्हणजे तोवर सावरलेल्या विहिरी पुन्हा उतरवायच्या, भिजलेल्या खांबांवरचा आधार अकस्मात काढायचा आणि शेजारच्या खाणीशी असलेली भिंत नव्याने तपासायची. दोन टक्क्यांवर आलेल्या मालकाकडून हे सारे नीट होईल, असे मानायला भोळेपणा हवा. आणि कंत्राटी मजुरांच्या हाती नकाशा तर कोणी देणारच नाही. नियमनाचा मागमूसही नसला की काय होते, हे मेघालयातील क्सान येथे डिसेंबर २०१८ मध्ये आणि आसामच्या उमरांगसो येथे जानेवारी २०२५ मध्ये देशाने पाहिले. उंदराच्या बिळासारख्या खाणीत पाणी घुसून पहिल्या ठिकाणी पंधरा आणि दुसऱ्या ठिकाणी नऊ मजूर अडकले. मेघालयातील अशा खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्येच बंदी घातली होती.

प्रत्येक बंद खाण कायम उपसत राहावी, असा याचा अर्थ नव्हे. ते आर्थिक दृष्ट्या अशक्य आहे आणि शास्त्रीय दृष्ट्याही सर्वत्र योग्य नाही. पाणी भरू देण्याचे फायदेही आहेत. पाण्याखालच्या कोळशाला आग लागत नाही, आम्लाची निर्मिती मंदावते आणि नीट राखलेली जुनी खाण अवर्षणाच्या वर्षी परिसराचा जलसाठा होऊ शकते. प्रश्न इतकाच की, कोठे भरू द्यायचे, कोणत्या पातळीपर्यंत आणि कोणत्या भिंतीच्या भरवशावर, हे कोण ठरवणार. आज ते कोणीच ठरवत नाही. पंप काढून नेला जातो आणि पाणी स्वतःच ठरवते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. जुन्या कामांचे एकत्रित नकाशे हा व्यापारी गुपिताचा विषय असू शकत नाही. ते जिल्हा कचेरीत व ग्रामपंचायतीत लोकांना पाहता आले पाहिजेत. बंद खाणीतील पाण्याची पातळी निरीक्षण-छिद्रांतून नियमित मोजून जाहीर झाली पाहिजे. सार्वजनिक यंत्रणेने भिंतीची पाहणी केल्याशिवाय कोणत्याही जुन्या खाणीचा लिलाव होता कामा नये, आणि बंदीचा निधी हेक्टरांवर नव्हे, तर पाणी किती वर्षे सांभाळावे लागेल यावर ठरला पाहिजे. पाण्याच्या वापरात पहिला हक्क ज्यांच्या विहिरी गेल्या त्या गावांचा, दुसरा पिकांचा आणि वीजकेंद्रांचा नंतरचा. कामगार संघटनांनी वेतनकराराच्या वाटाघाटींत हे मुद्दे आजवर घेतले नाहीत, कारण बंद खाणीत सभासद नसतात. पण बंद खाणीच्या भिंतीपलीकडे असतात ते सभासदच.

चंद्रपूर, वणी, उमरेड, सावनेर या भागांतील कार्यकर्त्यांना यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. निवृत्त खाणकामगार गावोगाव आहेत. कोणती गल्ली नकाशाच्या पुढे गेली, कोणत्या बाजूला खांब पातळ ठेवले आणि कोठे पाणी लागले म्हणून काम सोडले, हे त्यांपैकी अनेकांच्या स्मरणात आहे आणि ते त्यांच्याबरोबरच जाणार आहे. ते आताच लिहून घ्यावे लागेल. खाणीच्या परिघातील प्रत्येक विहिरीची पातळी पावसाळ्यापूर्वी दोरीने मोजून तारखेसह नोंदवही ठेवली, तर पाच वर्षांत शेतकऱ्याच्या हाती असा पुरावा येईल जो आज केवळ कंपनीच्या कपाटात आहे. माहितीच्या अधिकारात नकाशे व उपशाच्या नोंदी मागवता येतात, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली नकार आला तर त्यावर अपील करता येते. घुग्घुसच्या त्या वस्तीखाली आज पाणी किती मीटरवर उभे आहे, एवढ्या एका आकड्यापासून सुरुवात करता येईल. जवळपासच्या खाणगावांत तोच प्रश्न १ मे च्या ग्रामसभेपुढे ठरावाच्या रूपाने ठेवता येईल. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण अमलात आले तेही १ मे रोजीच, १९७२ आणि १९७३ साली.